मी आणि शून्य

निवृत्तीनंतर मुलाकडे हिंजवडीला राहायला आलो. इथल्या लिफ्टमध्ये तळमजला म्हणजे शून्य. मुलगा संगणकवाला, त्याची मोजणीसुद्धा शून्यापासून! आमच्या वेळी शून्य म्हणजे पेपरावरचा भोपळा.

नाणेघाटात सातवाहनांनी यज्ञातल्या दक्षिणेचे हजारोंचे आकडे कोरलेत, तेही शून्यावाचून. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र खुणा. दानधर्म काही अडला नाही! पुढे 628 साली ब्रह्मगुप्ताने नियम सांगितला: संख्येत शून्य मिळवा, संख्या तीच राहते.

हा नियम मला झोंबतो. या घरात मी मिळवला गेलो, पण घर आपलं होतं तस्संच चाललंय.

परवा नातू स्थानिक किमतीची गणितं करत होता. म्हटलं, "बाळा, मी म्हणजे शून्यच रे."

वहीतून मान वर न काढता तो म्हणाला, "डावीकडे बसलात म्हणून. उजवीकडे या."

मी चटई ओढत सरकलो.