ययातीच्या कथेचा उत्तरार्ध

वार्धक्याचा विचार करताना ययातीची कथा हटकून आठवते, आणि मराठी वाचकाच्या मनात ती कोल्हापूरशी जोडलेली आहे, कारण वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांनी ‘ययाति’ ही कादंबरी याच शहरातील वास्तव्यात लिहिली; ती १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे तिला ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली जरा म्हणजे म्हातारपण आलेला राजा मुलांकडे तारुण्य मागतो, धाकटा पूरू ते देतो, आणि हजार वर्षे भोग घेऊनही वासना शमत नाही, एवढ्यावर ही कथा बहुधा थांबवली जाते व तिच्यातून वैराग्याचा उपदेश काढला जातो. परंतु कृतज्ञतेच्या दृष्टीने पाहिले तर ययातीचा दोष भोगलालसेच्याही आधीचा आहे. तारुण्य ही आपली मिळकत असून ती गेल्यास कोणीतरी भरून दिली पाहिजे, अशी त्याची समजूत आहे. नकार देणाऱ्या मुलांना तो शापही देतो, म्हणजे त्याचे मागणे ही याचना नसून वसुली असते.

कथेचा उत्तरार्ध महाभारताच्या उद्योगपर्वातील गालवाख्यानात येतो, आणि तो फारसा सांगितला जात नाही हे आश्चर्यच आहे. स्वर्गात पोचलेला ययाती स्वतःच्या थोरवीच्या मदाने देवांना आणि ऋषींना तुच्छ लेखू लागतो, त्याचे पुण्य सरते, आणि तो खाली पडतो तो नैमिषारण्यात यज्ञ करणाऱ्या स्वतःच्याच चार नातवांमध्ये. ते आपले पुण्य देऊ करतात, तेव्हा क्षत्रियाने दान घेऊ नये असे म्हणून तो आधी नाकारतो. मुलांकडून तारुण्य घेताना जो संकोच झाला नव्हता, तो येथे आठवावा यात व्यासांची मिस्कील नजर दिसते. शेवटी त्याची मुलगी माधवी येऊन नाते सांगते आणि स्वतःच्या पुण्याचाही वाटा देते. हीच माधवी त्याने, गालव या शिष्याला गुरुदक्षिणेचे आठशे घोडे मिळावेत म्हणून, देऊन टाकली होती, त्यामुळे हा प्रसंग केवळ गोड करून सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तरीही हक्क नसताना मिळालेले घेता येणे, हा कृतज्ञतेचा अर्थ येथे जितका उघड होतो तितका वैराग्याच्या प्रवचनांत होत नाही. असे घेणे स्वतः खांडेकरांच्याही वाट्याला आले: त्यांची दृष्टी उत्तरायुष्यात गेली, आणि पुढचे लेखन त्यांना दुसऱ्याच्या हातून लिहवून घ्यावे लागले.

घरगुती आचारांत कृतज्ञतेचा हा विचार सहस्रचंद्रदर्शनाच्या विधीत दिसतो. आयुष्यात हजार पौर्णिमा पाहून झाल्या, म्हणजे सुमारे ८० वर्षे १० महिने पूर्ण झाले, असे मानून तो केला जातो. औक्षणानंतर काही ठिकाणी तुलाही होते: एका पारड्यात वृद्ध व्यक्ती आणि दुसऱ्यात, कोल्हापूरसारख्या गुळाच्या पेठेला शोभेल असे, गुळाचे रवे, म्हणजे साच्यातून काढलेल्या ढेपा, नंतर तो गूळ वाटला जातो. एकेकाळी तालमीत घुमलेले शरीर तीस किलोंच्या दोन रव्यांइतकेही भरत नाही असे दिसले, की “आबा, दुसरा रवा अर्धा करू काय?” असे कोणी विचारावे आणि “राहू दे, जेवण झालं की भरून निघंल,” असे उत्तर यावे, ही या भागातील बोलण्याची रीत आहे. अशा विनोदाला तत्त्वज्ञान म्हणणे अतिशयोक्तीचे वाटेल, परंतु स्वर्गातील ययातीला नेमके हेच जमले नव्हते. स्वतःचे वजन त्याला हसत मोजता आले नाही.

वृद्धांनी समाधानी आणि हसतमुख राहावे असा उपदेश हल्ली तरुण मंडळी सढळपणे करतात, आणि पुष्कळदा त्यामागे वृद्धांनी तक्रार करू नये एवढाच हेतू असतो. आख्यानातील नातू मात्र आजोबांना उपदेश करत नाहीत. ते आधी पुण्य पुढे करतात, आणि ययातीने नको म्हटल्यावरही मागे घेत नाहीत.