परक्या देवघरातील टाक

गेल्या मार्गशीर्षात, चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी, माझी थोरली आत्या जुन्नरहून पुण्यास आमच्या घरी राहावयास आली, आणि दिवाणखान्यातील ज्या काचेच्या कपाटात मी गेल्या वीस वर्षांत जमविलेल्या जुन्या वस्तू मांडून ठेवल्या आहेत, त्यापाशी बराच वेळ उभी राहिली. त्या कपाटात एक पितळी अडकित्ता आहे, साखळीचा लामणदिवा आहे, दौत आहे, जुन्नरी कागदाच्या जमाखर्चाच्या वहीची मोडी लिपीतील दोन पाने आहेत, धान्य मोजण्याची एक पायली आहे, आणि या सर्वांच्या मध्यभागी काळ्या मखमलीवर रुपयाएवढ्या चांदीच्या पत्र्याचा, घोडेस्वार उठविलेला एक टाक आहे. आत्याने इतर कशालाही हात लावला नाही. टाक मात्र तिने उचलला, पदराने पुसला, उजेडाकडे धरला आणि विचारले, "हा कोणाचा रे?"

"बाजारातून आणला, आत्या."

"ते कळलं. पण हा आहे कोणाचा? याला नैवेद्य कोण दाखवतं?"

या प्रश्नाला मजपाशी उत्तर नव्हते. आणि ज्या घराच्या सजावटीविषयी येणारेजाणारे आजवर कौतुकाने बोलत आले, त्या घरात हा प्रश्न कोणीच कसा विचारला नव्हता, याचे मला त्या रात्री फार नवल वाटले.

टाक म्हणजे काय हे आमच्या प्रांतातील वाचकास सांगावयास नको. खंडोबा, भवानी, बहिरोबा यांचे टाक देव्हाऱ्यात असतात, तसेच घरातील जे पुरुष रणात किंवा अकाली गेले त्यांचेही असतात. वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवाने नि पंचामृताने नाकडोळे झिजले म्हणजे ते सोनाराकडून उजळून आणावयाचे, धामणखेलला किंवा जेजुरीला नेऊन देवाला भेटवावयाचे, आणि पुन्हा देव्हाऱ्यात बसवावयाचे, अशी वहिवाट आहे. आत्याने तो टाक क्षणभर न्याहाळून निर्णय दिला की घोड्यावर म्हाळसा नाही, पायाशी कुत्रा नाही, तेव्हा हा खंडोबा नव्हे, हा कोणाच्या तरी घरचा वीर आहे. म्हणजे मी जी वस्तू कारागिरीचा नमुना म्हणून विकत घेतली, ती कोणा एका कुळाचा पूर्वज होती. त्याचे मुख मूळचे अस्पष्ट नसून कित्येक पिढ्यांतील सुनांच्या बोटांनी पुसले गेले होते, आणि त्या पुसटपणालाच मी आजवर 'जुनेपणाची शोभा' म्हणत आलो होतो.

येथे आपल्या धर्मशास्त्राचे म्हणणे वरकरणी स्वच्छ आहे. मूर्तीत देवत्व येते ते आवाहनाने व प्राणप्रतिष्ठेने, आणि जाते ते उत्तरपूजेने व विसर्जनाने. ज्या शाडूच्या गणपतीपुढे आपण दहा दिवस हात जोडतो तोच विसर्जनानंतर मृत्तिका होतो, आणि याविषयी कोणाही श्रद्धावंताच्या मनात संभ्रम नसतो. या न्यायाने पाहता, त्या टाकाची उत्तरपूजा ज्या घरात झाली असेल त्या घरातून तो तोळाभर चांदी होऊनच बाहेर पडला. झाली नसेल, तर माझ्या कपाटात गेली काही वर्षे कोणाचा तरी आजा उपाशी आहे. परंतु हे शास्त्र मंत्राने प्रतिष्ठित झालेल्या वस्तूंपुरतेच बोलते. ज्या जात्यावर लग्नघरची हळद दळली गेली, ज्या उंबरठ्यावर रोज पहाटे रांगोळीची रेघ उमटली, ज्या पायलीने खळ्यावरच्या राशीतले पहिले माप देवाच्या नावाने बाजूला काढले, त्यांची प्राणप्रतिष्ठा कोणत्या भटजीने केली होती? कोणीच नाही, आणि तरीही दसऱ्याला त्यांना झेंडूचे फूल वाहिले जाते, चुकून पाय लागला तर हात कपाळाला जातो.

मला असे वाटते की वस्तूत पावित्र्य दोन वाटांनी प्रवेश करते. एक वाट मंत्राची, दुसरी वहिवाटीची. आपल्या जुन्या मुलकी कारभारात सनद नसतानाही दीर्घकाळच्या वहिवाटीने हक्क उत्पन्न होत असे, पाणवठ्याचा, पायवाटेचा, मानपानाचा. तद्वतच माणसांच्या श्रमाचा, भुकेचा, धाकाचा नि मायेचा स्पर्श पिढ्यान्‌पिढ्या एखाद्या लाकडाला घडत गेला म्हणजे त्या लाकडातही एक प्रकारचे स्वत्व रुजू होते. मंत्राने आलेल्या देवत्वाला विसर्जनाचा विधी आहे. वहिवाटीने आलेल्या स्वत्वाचे विसर्जन कसे करावे हे मात्र कोणत्याही पोथीत सांगितलेले नाही. आणि जुन्या वस्तूंनी घर सजविणाऱ्या आम्हा सर्वांची खरी अडचण नेमकी येथे आहे.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत ज्याचे बालपण गेले त्याला वाडे उतरताना पाहावे लागलेच आहे. चार भावांच्या वाटण्या होतात, खणांची संख्या भावांच्या संख्येने भागली जात नाही, कोणी मुंबईस, कोणी भोसरीस, आणि शेवटी एके दिवशी टेम्पो दाराशी उभा राहतो. आधी गणेशपट्टी निघते, मग सागवानी चौकट, मग खांब, तुळया. माती तेवढी जागच्या जागी राहते. असा एक दरवाजा मी पुढे एका बंगल्यात भोजनाचे मेज झालेला पाहिला आहे. त्यावर जाड काच बसविली होती, आणि काचेखाली कडी-कोयंड्याच्या भोवती कडीच्या आपटण्याने पडलेला अर्धचंद्राकार खळगा स्पष्ट दिसत होता. प्रत्येक रात्री कोणी तरी दार लावून घेतले, प्रत्येक पहाटे कोणी तरी उघडले, त्या सर्व रात्री आणि पहाटा त्या खळग्यात होत्या. जेवणाऱ्यांचे लक्ष तिकडे नव्हते, आणि यजमान मोठ्या प्रेमाने सांगत होते की याने घराला एक व्यक्तिमत्त्व येते. यजमान खोटे बोलत नव्हते. पण ते व्यक्तिमत्त्व कोणाचे?

घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले, आणि ज्या गावाचे नाव आजही सारा तालुका वाहतो ते जुने आंबेगावच पाण्याखाली गेले. कचेरी घोडेगावास, नाव आंबेगावाचे, आणि आंबेगाव जलाशयाच्या तळाशी. तिकडून उठून आलेल्या एका वृद्धेने मला एकदा सांगितले होते की तिच्या सासूने घर सोडताना देव पदरात घेतले, जाते बैलगाडीत घातले, आणि उंबरठा उखडून नेता येईना म्हणून त्याची शेवटची पूजा करून त्याला पाण्याच्या हवाली केले. तिने केले ते कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नसेल, तरी वहिवाटीच्या विसर्जनाचा एवढा एकच विधी माझ्या ऐकण्यात आहे.

पातंजल योगसूत्रांत जे पाच यम सांगितले आहेत त्यांत अस्तेयानंतर काही अंतराने अपरिग्रह येतो, आणि हे दोन वेगळे का मोजले याचा उलगडा मला बराच काळ झाला नव्हता. खरेदीखत करून, दाम मोजून आणलेल्या वस्तूत चोरी नसते. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी अधिनियमाने शंभर वर्षांवरील वस्तूंविषयी जे नियम घातले तेही पाळले, म्हणजे सरकारदरबारी मनुष्य निर्दोष ठरतो. पण व्यासभाष्यात अपरिग्रहाची कारणे देताना विषयांच्या अर्जनात, रक्षणात, क्षयात, संगात आणि हिंसेत दोष पाहावा असे म्हटले आहे, आणि यातील शेवटचा शब्द जुन्या वस्तूंच्या शोकिनाने फार वेळ मनाशी धरावा असा आहे. आपण चौकटीला गिऱ्हाईक झालो म्हणून एखादा वाडा पाच वर्षे आधी पडला नाही कशावरून? वाळवीची, चोराची, पाहुण्यांच्या मुलांची धास्ती मी वीस वर्षे वाहिली आहे, ती सोसण्यासारखी होती. ही शंका मात्र सोसवत नाही. आणि त्याच सूत्रांत पुढे असेही म्हटले आहे की अपरिग्रह स्थिर झाला म्हणजे साधकास आपल्या जन्मांची कथंता, म्हणजे आपण कोण होतो, कसे होतो, याचा बोध होतो. मी हे वस्तूंकडे वळवून पाहतो. जोवर टाक माझा होता तोवर मला त्याचे वजन, त्याचा काळ, त्याची किंमत माहीत होती. 'हा कोणाचा' हा प्रश्न पडण्यास तो माझा नाही असे आधी कोणी तरी म्हणावे लागले.

मग जुने ते जळू द्यावे, बुडू द्यावे, असे का? तसे म्हणावयास मन घेत नाही. दिनकर गंगाधर केळकर, जे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत, त्यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, भांडीकुंडी गोळा केली नसती तर यांतील कितीक वस्तू मोडीत गेल्या असत्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला, त्याचे नाव त्यांनी संग्रहाला दिले, आणि १९७५ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी तेथे आणून उभे केले. इतके जमवून शेवटी हात रिकामा करणाऱ्या या पुरुषाला परिग्रही म्हणण्यास माझी जीभ धजत नाही.

आणि भीमाशंकरची घंटा? १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर चिमाजीअप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांच्या देवळांतील घंटा आणल्या, त्यांतील एक भीमाशंकरी आहे. ती कोणी विकली नव्हती, कोणी दिली नव्हती. ती जिंकून आणली, आणि ज्या देवळातून ती उतरली तेथील भाविकांना त्या दिवशी काय वाटले असेल हे मनात आल्यावाचून मला तिच्याखालून जाता येत नाही. तरी एवढे खरे की घंटा घंटाच राहिली. देव बदलला, भाषा बदलली, पण तिचे काम कोणी काढून घेतले नाही, आणि पावणेतीनशे वर्षांच्या वहिवाटीने ती आज तेथील झाली आहे. मखमलीवर ती मांडली असती तर कोणाचीच उरली नसती.

याउलट टोकाचे उदाहरण आमच्या जुन्नरच्याच लेण्यांत आहे. तेथे इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, खोदवून दिल्याचा शिलालेख आहे. लेखात त्या दानाला 'देयधर्म' म्हटले आहे. कोठून आला, कोणत्या देवाला भजत होता, ते सर्व लोपले. परक्या देशात, परक्या भिक्षूंच्या घरासाठी या परक्याने आपले नाव मागे ठेवले ते वस्तूवर मालकी सांगण्यासाठी नसून ती सोडल्याची नोंद म्हणून. शिवनेरीच्या परिसरात उन्हाळ्यात हिंडताना खडकातल्या टाक्याचे गार पाणी ज्याने तोंडावर मारले आहे त्याला या नोंदीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आत्याच्या मुक्कामात कपाटातील पायली स्वयंपाकघरात गेली. चार शेरांचे ते माप आता आमच्या तांदळाच्या डब्यापाशी असते. तिच्या काठावरची पितळी पट्टी, जी कपाटात काळवंडली होती, ती रोजच्या हाताने पुन्हा लख्ख झाली आहे. टाकाचे मात्र असे काही करता येईना. आमच्या देव्हाऱ्यात तो बसवावा तर कूळ वेगळे. नदीत सोडावा तर सोडण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? मी हे आत्यापुढे मांडले. ती भरताची वांगी भाजत होती. म्हणाली, "आपल्या कुळाचा नाही, तर पाहुणा म्हणून राहू दे. पाहुण्याला जेवू घालताना कूळ विचारतोस का?" आणि चंपाषष्ठीला तिने आमच्या देवांपुढचे ताट मांडून झाल्यावर थोडे अंतर सोडून दुसरा पाट ठेवला, त्यावर तांदळाची लहानशी रास, राशीवर तो घोडेस्वार, पुढे बाजरीचा रोडगा नि वांग्याचे भरीत, त्याच्या मुखावर, जेथे आता नाक ना डोळे, तेथे बोटाने हळद लावली.

त्यानंतर मी ज्याच्याकडून तो घेतला त्याला जाऊन विचारले. त्याला एवढेच आठवते की तो माल घोडेगावच्या पलीकडून, एका उतरविलेल्या वाड्यातून आला होता. तेव्हापासून दोनदा मी टाक रुमालात गुंडाळून त्या बाजूस जाऊन आलो आहे. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी तो हातात घेऊन पाहिला, एकाने कपाळाला लावला, पण ओळख कोणालाच पटली नाही. पाऊस उघडला की पुन्हा जाणार आहे. वारस मिळाला तर टाक त्याच्या ओंजळीत देईन. नाही मिळाला, तर येत्या चंपाषष्ठीला दुसरा पाट मांडावयाचा आहे, आणि आत्याने या वेळी रोडग्यासाठी जुन्नरहून बाजरी पाठविण्याचे कबूल केले आहे.