बाहेरचा बोकड

हिमालयन ताहर हा कड्याकपारींत राहणारा, बकरीच्या कुळातला रानटी प्राणी. हिमालयात त्याची संख्या घटतेय म्हणून काळजी केली जाते. न्यूझीलंडमध्ये मात्र सरकार त्याला हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालतं. प्राणी तोच. मग एका डोंगरावर त्याला वाचवणं आणि दुसऱ्यावर मारणं, दोन्ही बरोबर कसं?

१९०४ साली शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून काही ताहर न्यूझीलंडला नेऊन सोडले. तिथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणीच नव्हते. त्यामुळे खूर आणि दात यांच्यापासून बचाव करायला तिथली झाडंझुडपं शिकलेलीच नव्हती. ताहर वाढले, उंचावरचं गवत संपू लागलं. १९९३च्या आराखड्यात मर्यादा ठरली: १० हजार.

आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला गोष्ट उलटी आहे. निलगिरी ताहर फक्त केरळ-तमिळनाडूच्या गवताळ माथ्यांवर उरलाय. त्याच्या गवतात ऑस्ट्रेलियातून आणलेलं वॅटल घुसलंय. तमिळनाडूने २०२२ मध्ये त्याच्यासाठी खास प्रकल्प जाहीर केला. इथे बोकड जगवायचा तर झाड उपटावं लागतं.

'बाहेरचं ते काढा' हे वाक्य मला अस्वस्थ करतं, कारण मी कोपरला राहतो. इथे पाणी कमी आलं की दोष 'बाहेरच्यां'चा. बोलणाऱ्याचं स्वतःचं गाव कोकणात नाहीतर खानदेशात असतं, ते सोडा.

म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करून घ्यायला हव्यात. एक, प्रश्न मुळाचा नाही, परिणामाचा आहे. मिरचीही अमेरिकेतून आली, तिला कुणी उपटत नाही. आणि गवत ताहरशी बोलून तोडगा काढू शकत नाही. माणसं एका नळावर रांग लावू शकतात, भांडून का होईना. त्यामुळे डोंगरावरचा नियम चाळीत लागू होत नाही.

दोन, मारला जाणारा ताहर घुसखोर नाही. तो आला नाही, त्याला आणलं गेलं. त्याला मारणं गरजेचं असेलही. गवत गेलं तर त्यावर जगणारं बाकी सगळंच जाईल. पण ही माणसाच्या हौसेची किंमत आहे आणि ती भरतोय तो प्राणी, एवढं तरी मान्य करायला हवं. त्याला 'कीड' म्हटलं की हिशोबातून हौस करणारा सुटतो. मग तोच शब्द उद्या शेजाऱ्यासाठी वापरायला जीभ अडखळत नाही.