गप्प कोण आणि गैरहजर कोण?

‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन आपल्याकडे लग्नाच्या बोलणीपासून सोसायटीच्या वार्षिक सभेपर्यंत कुठेही चालतं. कुणी काही बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना मान्य आहे. तुमच्या हातातला फोन ज्या नियमांवर चालतो, ते नियमही बरेचसे याच तत्त्वावर ठरतात.

४जी आणि ५जीचे तांत्रिक नियम कुठल्याही संसदेत मंजूर होत नाहीत. ते ‘३जीपीपी’ नावाच्या समूहात ठरतात. हा समूह १९९८ साली सुरू झाला. युरोप, अमेरिका, जपान, चीन, कोरिया आणि भारत इथल्या मिळून सात मानक संस्था आज त्याच्या भागीदार आहेत. प्रत्यक्ष काम करतात ते मुख्यतः कंपन्यांनी पाठवलेले इंजिनिअर. वर्षभर वेगवेगळ्या शहरांत बैठका होतात, प्रस्ताव येतात, एकेका शब्दावर काथ्याकूट होतो. मतदान शक्यतो टाळतात. झालंच तर ७१ टक्के मतं लागतात. एरवी निर्णय सहमतीने. आणि सहमती म्हणजे सगळ्यांचा होकार नव्हे. ठाम, टिकून राहणारा विरोध उरला नाही, की सहमती झाली.

इंजिनिअर म्हणून मला ही पद्धत आवडते. बाजारात एकमेकांचा गळा धरणाऱ्या कंपन्या एका टेबलाशी बसून एकच नियम लिहितात, म्हणून पुण्यात घेतलेला फोन बर्लिनमध्ये चालतो. पण एक प्रश्न मला सोडत नाही. विरोध न करणाऱ्यांत दोन प्रकारची माणसं असतात: खोलीत बसून गप्प राहिलेली आणि खोलीत नसलेली. दोघांचं मौन एकाच खात्यात जमा करणं योग्य आहे का?

एसएमएसचं उदाहरण घ्या. १९८०च्या दशकात युरोपातले इंजिनिअर जीएसएम घडवत होते. संदेश किती लांब असावा, यासाठी जर्मनीच्या फ्रीडहेल्म हिलेब्रांट यांनी टाइपरायटरवर साधी वाक्यं टाइप करून अक्षरं मोजली. १६० पुरेशी वाटली. एका संदेशाला जागा होती १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. प्रत्येक अक्षराला ७ बिट दिले, की बरोबर १६० अक्षरं बसतात. या ७ बिटांच्या तक्त्यात जर्मन आणि स्कँडिनेव्हियन अक्षरं आहेत, ग्रीक कॅपिटल अक्षरंही आहेत. टेबलाशी जे होते, त्यांची आठवण नीट ठेवलेली दिसते.

देवनागरी त्या तक्त्यात नव्हती. तिच्यासाठी प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागले, म्हणून मराठी एसएमएस ७० चिन्हांत संपायचा. त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. ‘महाराष्ट्र’ या शब्दाला १० चिन्हं, म्हणजे १६० बिट. तोच शब्द रोमनमध्ये लिहिला तर ११ अक्षरं, ७७ बिट. आपल्याच राज्याचं नाव आपल्या लिपीत लिहायला दुपटीहून जास्त जागा. मेसेज लांबला की त्याचे दोन व्हायचे आणि पैसेही दोनाचे जायचे. माझ्या पिढीला रोमन लिपीत मराठी लिहायची सवय लागली, त्याला कीबोर्डइतकंच हे गणितही कारणीभूत आहे. माझ्या आजीला रोमन वाचता येत नसे. तिच्या फोनवर आलेला मेसेज दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवावा लागायचा.

यात खलनायक कोणी नाही. भारतातला पहिला मोबाइल कॉल १९९५चा. त्याआधी दहा वर्षं युरोपातल्या माणसांनी स्वतःपुरता विचार केला, एवढंच. अन्याय व्हायला अन्यायी माणूस लागतोच असं नाही, हे मला यातून कळलं. पुढे ३जीपीपीच्या नवव्या आवृत्तीत हिंदीसह दहा भारतीय भाषांचे तक्ते आले. पण ते उपयोगी पडायचे तर पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही फोनना ते कळायला हवेत. मी वापरलेल्या एकाही फोनवर मला ते दिसले नाहीत. उशिरा आलेल्याला जागा मिळते, पण घर आधीच बांधून झालेलं असतं.

आता दुसरी बाजू. ५जीची परीक्षा कशी घ्यायची हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात ठरत होतं, तेव्हा ग्रामीण भागाच्या कसोटीत दोन टॉवरमधलं अंतर १,७३२ मीटर धरलं होतं. ताशी ५०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीतल्या प्रवाशाचीही सोय बघितली होती. भारताच्या प्रतिनिधींनी सांगितलं, की आमच्याकडे टॉवर ग्रामपंचायतीच्या गावात असतो, वाड्या-वस्त्या लांब पसरलेल्या असतात आणि माणसं बरीचशी पायी चालतात. २०१७ साली ६,००० मीटर अंतराची वेगळी कसोटी जगभरासाठी मान्य झाली. कोणी उपकार केले नाहीत. कोणीतरी हजर होतं आणि आकडे घेऊन आलं होतं.

मग आपलं वेगळं मानकच का नको? तेही करून झालं. भारताच्या ‘५जीआय’ला या संघाची मान्यता मिळाली. पण वेगळं मानक म्हणजे वेगळ्या चिप, वेगळी यंत्रं, वाढलेला खर्च, आणि तो शेवटी त्याच वाडीतल्या माणसाच्या माथी. अखेर ५जीआय ३जीपीपीच्या सतराव्या आवृत्तीत सामावून घेतलं गेलं. मला ही हार वाटत नाही. समान नियमाचा फायदा खरा आहे, म्हणून तर तो लिहिताना हजर असणं महत्त्वाचं.

पण हजेरीला पैसा लागतो, व्हिसा लागतो, वर्षानुवर्षं त्याच विषयाला चिकटून राहणारी माणसं लागतात. वाडीतला माणूस तिथे कधीच जाणार नाही. म्हणून जबाबदारी खोलीत बसलेल्यांवर येते, आणि माझ्यासारखे साधे अ‍ॅप बनवणारेही त्यांत आलेच. ‘कोणाची हरकत आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘ज्याची हरकत असू शकेल, तो इथे आहे का?’ हेही विचारायला हवं. आमच्या बैठकीत हे विचारलं की कामाला उशीर होतो, लोक घड्याळाकडे बघतात. तरी मी विचारतो.

सध्या ६जीचं काम सुरू आहे. त्याच्या कसोट्यांत टॉवर किती अंतरावर धरतील, कुठल्या वेगाचा माणूस गृहीत धरतील, हे आता ठरतंय. त्यावर आपण अवाक्षर काढलं नाही, तर तेही आपली संमती म्हणूनच नोंदलं जाईल.