होडीतला माणूस

१९६६ च्या एप्रिलात मिहिर सेन यांनी तलैमन्नार ते धनुष्कोडी ही पाल्कची सामुद्रधुनी पोहून पार केली. कौतुक पोहणाऱ्याचे व्हायचेच. माझे मन मात्र सोबतच्या होडीतल्या माणसाकडे ओढ घेते.

या पोहण्याचा नियम मोठा निष्ठुर. होडीतून खाणे-पिणे द्यावे, हाका माराव्यात. पण हात लावायचा नाही. लावला की पोहणे तिथेच संपले. जीव वाचतो, पराक्रम बुडतो! आता पोहणारा थकून बरळू लागला आणि तरीही 'नको' म्हणतो आहे. त्या 'नको'त इच्छा किती नि भ्रम किती, हे कुणी ठरवावे? मला वाटते, किनाऱ्यावर शुद्धीत दिलेला शब्दच खरा मानावा.

पण मग फ्लॉरेन्स चॅडविकचे काय? १९५२ च्या जुलैत कॅटलिना बेटाहून कॅलिफोर्नियाकडे पोहताना दाट धुक्यात तिला किनारा दिसेना. 'मला वर घ्या' असे तीच म्हणू लागली. होडीत तिची आई होती. किनारा जवळ आला आहे, असे ती लेकीला सांगत होती. तिनेही हात आखडूनच धरायचा का? अखेर लेकीला वर घेतले. पुढे सप्टेंबरात तिने तेच अंतर पार केले. पण तेवढ्यावरून जुलैतला तो हात चुकला, असे मी म्हणणार नाही.