चिमणराव कोणाचे?

आवडत्या विनोदी नायकावर चित्रपट निघणार अशी वार्ता कानी आली की त्याच्या जुन्या वाचकांना प्रथम आनंद होत नाही, धास्ती वाटते. ‘आता हे लोक त्याचे काय करून ठेवतील कोण जाणे’ हेच उद्गार आधी निघतात. वरवर पाहता ही धास्ती हास्यास्पद आहे. ज्याचा जन्मच मुळी लोकांनी हसावे म्हणून झाला, त्याच्याविषयी एवढे गंभीर होण्याचे कारण काय? शिवाय पुस्तक कपाटात जसेच्या तसे राहणार असते. चित्रपट कितीही वाईट निघाला तरी छापलेल्या पानावरील एक अक्षरही त्याने पुसले जात नाही. असे असूनही ही धास्ती खरी आहे, आणि तिच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. कल्पनेतून जन्मलेल्या माणसाविषयीही आपले काही कर्तव्य असते काय, हा तो प्रश्न होय.

मराठी वाचकापुढे हा प्रश्न आज चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावांच्या निमित्ताने उभा राहतो. १९३२ साली ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ आणि १९३३ साली ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ प्रसिद्ध झाले, आणि एक भिडस्त, किरकोळ प्रकृतीचा, संसारी गृहस्थ मराठी घरांत कायमचा राहावयास आला. पत्नी काऊ, मुले मोरू, मैना आणि राघू, असे हे पाखरांच्या नावांचे घरटे. आणि त्याच्या रक्षणास सोटा घेऊन सदैव सिद्ध असलेले धिप्पाड गुंड्याभाऊ. लेखक जन्माने पुण्याचे. परंतु त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ पाली भाषेचे अध्यापक म्हणून बडोद्यात गेला. म्हणजे गुजराती मुलखात राहून त्यांनी हे मराठी बिऱ्हाड कागदावर थाटले. नोकरीनिमित्त परमुलखात राहणाऱ्या आम्हां लोकांस चिमणराव विशेष जवळचे वाटतात, याचे हेही एक कारण असावे.

चिं. वि. जोशी १९६३ च्या नोव्हेंबरात निवर्तले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. ती मुदत २०२३ अखेर संपली. १ जानेवारी २०२४ पासून चिमणरावांच्या त्या कथांवर कोणास चित्रपट काढावयाचा झाल्यास त्याने कोणाकडूनही हक्क विकत घ्यावयास नको. कायद्याचा पहारेकरी दारावरून उठून गेला. आता चिमणरावांच्या दारात वाचकावाचून दुसरा कोण राहिला आहे?

मात्र वाचकाने पहाऱ्यास बसण्यापूर्वी आपण नेमके कशाचे रक्षण करणार आहोत याचा विचार करणे अवश्य आहे. चिमणराव पडद्यास नवखे नाहीत. मास्टर विनायकांनी १९४० साली ‘लग्न पहावं करून’ आणि १९४२ साली ‘सरकारी पाहुणे’ हे चित्रपट काढले. कथा खुद्द चिं. वि. जोशी यांच्याच होत्या, आणि दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग ही जोडी त्यांतून लोकांपुढे आली. दामुअण्णांच्या डोळ्यांतील तिरळेपणा प्रेक्षकांच्या इतका अंगवळणी पडला की चिमणराव म्हटले की तेच डोळे अनेकांना दिसू लागले. पुढे १९७० नंतरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर मालिका झाली. तीत दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. १९७९ साली याच जोडीचा चित्रपटही आला. त्या पिढीला प्रभावळकरांवाचून दुसरे चिमणराव ठाऊकच नाहीत. ज्यांनी केवळ पुस्तक वाचले त्यांचे चिमणराव या दोहोंहून निराळे; आणि असे वाचक शंभर असतील तर त्यांचे चिमणरावही शंभर.

यावरून एवढे तरी दिसते की चेहऱ्याविषयीची तक्रार टिकणारी नाही. ‘आमचे चिमणराव असे नव्हते’ या वाक्यात ‘आमचे’ हा शब्दच खरा असतो. नाक, टोपी, मिशा यांवरून भांडणारा वाचक चिमणरावांचे रक्षण करीत नसतो. आपल्या बालपणीच्या एका दुपारचे रक्षण करीत असतो. ती दुपार मोलाची आहे यात संशय नाही. तथापि ती दुसऱ्या कोणी सांभाळावी असा आग्रह धरण्याचा अधिकार आपणांस नाही. प्रत्यक्ष लेखकाने जेथे आपला मानसपुत्र आनंदाने नटाच्या स्वाधीन केला, तेथे वाचकाने लेखकाहून अधिक सोवळे पाळावे हे विचित्रच म्हणावयाचे.

मग धास्तीत खरे काय उरते? आम्ही झाशीस राहतो, म्हणून येथील एक उदाहरण तुलनेस घेतो. झाशीच्या राणीवर सोहराब मोदींनी १९५३ साली रंगीत चित्रपट काढला आणि २०१९ साली ‘मणिकर्णिका’ आला. या चित्रपटांविषयी वाद करावयाचा असेल तर त्याला आधार आहे. किल्ला उभा आहे, इंग्रजांचे कागद आहेत, आणि १८५८ च्या वेढ्यात येथे अडकलेल्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ आहे. पडद्यावरील राणी चुकली तर तिला खऱ्या राणीपुढे उभी करता येते, कारण राणी चित्रपटाच्या आधी होती आणि चित्रपटाविनाही आहे. चिमणरावांचा असा किल्ला कोठे आहे? त्यांच्या जन्माची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ते ज्या वाक्यांत राहतात त्या वाक्यांबाहेर त्यांना घर नाही. म्हणून त्यांच्या बाबतीत ‘हे खरे नव्हे’ असे म्हणावयाचे तर पुरावा एकच, आणि तो म्हणजे ते कसे बोलतात हा.

येथेच मुद्द्याची गोष्ट येते. चिमणरावांची फजिती आपणांस दुसरे कोणी सांगत नाही. ते स्वतःच सांगतात. आपण भ्यालो, आपण फसलो, बायकोपुढे बढाई मारली आणि ती अंगाशी आली, हे सारे ते ‘मी’ म्हणून, सरळ चेहऱ्याने, जणू काही विशेष घडलेच नाही अशा थाटात निवेदन करतात. त्यामुळे वाचक त्यांना हसतो खरा, परंतु त्या ‘मी’च्या आत बसून हसतो. ज्या मनात भीती उपजली त्याच मनात त्या क्षणापुरते त्याचे वास्तव्य असते. आणि हसता हसता त्याला आपलीही तशीच एखादी बढाई आठवते. कॅमेऱ्याचे स्वरूप याच्या उलट आहे. तो माणसाच्या बाहेर उभा राहतो. समजा, साहेबांच्या दालनाबाहेर चिमणराव टोपी सावरीत उभे आहेत. पानावर त्या क्षणी आपण दाराच्या अलीकडे, त्यांच्या पायांतील कंपासह उभे असतो. पडद्यावर मात्र आपण खुर्चीत आरामात बसून एका कापणाऱ्या माणसाकडे पाहत असतो. प्रसंगात काही बदल झाला नाही. परंतु आपली जागा बदलली. सोबत्याचे हसणे गेले आणि प्रेक्षकाचे हसणे आले.

हा फरक आमच्या मते सौंदर्याचा नसून नीतीचा आहे. कारकुनाने स्वतःच्या भित्रेपणावर हसणे यात एक प्रकारचे धैर्य आहे. दुसऱ्याने कारकुनाच्या भित्रेपणावर हसणे यात केवळ चैन आहे. हिंदी चित्रपटातला कचेरीतील ‘बाबू’ आपण पुष्कळ पाहिला. चष्मा नाकावर, पेन कानावर, लाच खिशात आणि कणा नाही. त्याला हसणाऱ्यास स्वतःविषयी काही कळत नाही. कळते ते इतकेच की आपण त्याच्याहून बरे आहोत. चिमणरावांचा ‘बाबू’ झाला तर एका काल्पनिक व्यक्तीची विटंबना होईल हे खरेच. परंतु त्याहून मोठे नुकसान हे की स्वतःला हसण्याची जी रीत त्यांनी मध्यमवर्गास शिकविली, ती त्यांच्याच तोंडून नाहीशी होईल.

बनावट नायकाशी झुंजण्याचा एक जुना दाखला आहे. सर्व्हांटेसचा ‘डॉन किहोटे’ १६०५ साली निघाला. दुसरा भाग यावयाच्या आधीच, १६१४ साली, कोणी एकाने टोपणनावाने खोटा दुसरा भाग छापला. सर्व्हांटेसने १६१५ साली आपला खरा दुसरा भाग आणला आणि त्यात एक गंमत केली. तो खोटा नायक सारागोसास गेला होता, म्हणून खऱ्या नायकाने तेथे जाण्याचा बेत रद्द केला आणि बार्सिलोनाची वाट धरली. यावरून आम्ही बोध घेतो तो हा की नकलेचे उत्तर बंदी नव्हे. उत्तर म्हणजे अधिक जिवंत असा खरा माणूस. मात्र सर्व्हांटेस हयात होता. चिं. वि. आता नाहीत, आणि चिमणरावांना नव्या वाटेने नेणारा दुसरा कोणी नाही.

म्हणून चिमणरावांना पडद्यावर आणूच नये, असे म्हणणारे काही स्नेही आम्हांस भेटतात. महाराष्ट्रात राहणाऱ्यास हा सोवळेपणा परवडेल. आम्हांस परवडत नाही. आमची मुले हिंदी शाळांत शिकतात. देवनागरी त्यांना येते, घरची मराठी त्यांना समजते, परंतु चिं. विं.चे एक पान वाचावयास दिले तर दहाव्या ओळीस ती अडखळतात, आणि जेथे अर्थ विचारावा लागतो तेथे विनोद संपतो. या मुलांना चिमणराव भेटले तर बहुधा पडद्यावरच भेटणार. आम्ही दार लावून घेतले तर आमचे चिमणराव शुद्ध राहतील, पण ते आमच्याबरोबरच संपतील. वारसा जपावयाचा म्हणून वारसांनाच दूर ठेवावयाचे, हा न्याय नव्हे. आणि खोट्या चिमणरावांना आप्त म्हणून मुलांच्या गळ्यात बांधावयाचे, हाही नव्हे.

या पेचातून सुटण्याचा राजमार्ग आम्हांस सापडला आहे असा आमचा दावा नाही. तथापि एक कसोटी हाती ठेवण्यासारखी आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७ साली चित्रपटात आला तेव्हा तो शाळकरी मुलाचा तरुण झाला होता आणि काळही आजचा होता. तशी सूट चिमणरावांच्या बाबतीत कोणी घेतली, त्यांच्या टेबलावर संगणक ठेवला, पगडीटोप्या काढल्या, तरी आम्ही तक्रार करू नये. आम्ही पाहावे ते एवढेच की चित्रपटातील चिमणराव स्वतःला विनोदी समजत नाहीत ना. त्यांचे भय त्यांना खरे वाटते ना. आणि हसून झाल्यावर प्रेक्षक क्षणभर स्वतःकडे वळतो ना. हे साधले तर चेहरा कोणाचाही असो, ते चिमणरावच होत. हे साधले नाही तर नाव, सोटा आणि काऊ सारे जागच्या जागी असूनही ते कोणी तिऱ्हाईतच.

ही कसोटी लावणारा प्रेक्षक मात्र घरातच तयार व्हावा लागतो. रात्रीच्या जेवणानंतर एखादे प्रकरण मुलांपुढे मोठ्याने वाचावे, अडलेला शब्द सांगावा, वाचताना आपले हसू आवरू नये. ज्या मुलाने एकदा चिमणरावांचा ‘मी’ वडिलांच्या तोंडून ऐकला, त्याला पुढे पडद्यावर कोणीही काहीही दाखवो, ‘हे ते नव्हेत’ किंवा ‘हे तेच’ असे त्याचे त्यालाच सांगता येईल.