नाताळची बंद दुकाने: धर्मदिनापासून सामायिक सुट्टीपर्यंत

इंग्लंड आणि वेल्समध्ये २५ डिसेंबरला, मग तो कोणत्याही वारी येवो, २८० चौरस मीटरहून मोठे दुकान गिऱ्हाइकांसाठी उघडणे हा २००४ च्या कायद्याने गुन्हा ठरला आणि त्यासाठी त्या वेळी ५०,००० पौंडांपर्यंत दंड ठेवण्यात आला. नाताळ हा ख्रिस्ती सण आणि इंग्लंडची राजसत्ता तिथल्या धर्मपीठाशी बांधलेली, तेव्हा हा कायदा एखाद्या जुन्या धर्माज्ञेचाच अवशेष असावा, असा समज सहज होतो. पण तो बरोबर नाही. नाताळला दुकाने बंद असावीत की उघडी, हा प्रश्न त्या देशात राज्यसत्तेपुढे पहिल्यांदा गंभीरपणे आला तो नेमका उलट्या बाजूने, आणि तेव्हा सत्तेची आज्ञा दुकाने उघडी ठेवण्याची होती.

सतराव्या शतकातील यादवी युद्धात प्यूरिटन, म्हणजे ज्याला बायबलमध्ये आधार नाही ते सारे उपासनेतून वगळावे असे मानणारा कडवा सुधारकपंथ, पार्लमेंटात प्रबळ झाला. येशूची जन्मतिथी बायबलात दिलेली नाही, मग तिचा उत्सव कशाला, असे या मंडळींचे म्हणणे होते, आणि जून १६४७ च्या वटहुकुमाने नाताळ, ईस्टर व इतर सण रद्द करण्यात आले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला कँटरबरीच्या महापौराने बाजार नेहमीसारखा भरवण्याचा हुकूम काढला. मोजक्या दुकानदारांनी तो पाळला, तेव्हा जमावाने त्यांचा माल रस्त्यावर उधळून दिला आणि दंगल उसळली. वटहुकुमातील एक तरतूद मात्र दंगलीइतकी प्रसिद्ध नसली तरी विचाराच्या इतिहासात तिच्याहून महत्त्वाची आहे. सण काढून घेतले तर उमेदवार कारागीर, नोकरचाकर आणि विद्यार्थी यांना विसावा कधी मिळणार, हे पार्लमेंटला सुचले होते, म्हणून दर महिन्याचा दुसरा मंगळवार त्यांच्या करमणुकीसाठी राखून ठेवण्यात आला. विसावा सणापासून सोडवून कॅलेंडरातील एका निव्वळ वारावर बसवता येतो, ही कल्पना येथे कायद्याच्या भाषेत मांडली गेली. तिला फळ आले नाही. १६६० मध्ये राजेशाही परतली, त्याबरोबर नाताळही परतला, आणि त्या मंगळवारांची आठवण कोणी ठेवली नाही. अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरला आणि तो १६८१ मध्ये मागे घेण्यात आला. आज त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये बहुतेक मोठी दुकाने नाताळच्या दिवशी कायद्यानेच बंद असतात. एकाच भूमीवर अडीच-तीन शतकांत आज्ञा पूर्ण फिरली, तेव्हा ती केवळ धर्माची होती असे म्हणणे अवघड होऊन बसते.

परतलेला नाताळ हा सण होता, सुट्टी नव्हती, आणि हा भेद लक्षात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. सणाच्या दिवशी प्रार्थना होते, मेजवानी होते, पण त्याच मेजवानीसाठी खाटीक, भटारी आणि फळविक्रेता यांना दुकान उघडावेच लागते. डिकन्सच्या १८४३ मधील ‘अ ख्रिसमस कॅरल’ या कथेत कंजूष स्क्रूज आपल्या कारकुनाला दिवसभराची सुट्टी कुरकुरत देतो, कारण काम न करता पगार देणे त्याला खिसा कापल्यासारखे वाटते. त्याचे हृदयपरिवर्तन झाल्यावर तो नाताळच्याच सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून भलीमोठी टर्की विकत आणवतो. कारकुनाची सुट्टी आणि टर्कीवाल्याचे उघडे दुकान यांत विसंगती आहे, असे त्या काळच्या वाचकाला वाटण्याचे कारण नव्हते. त्याच कथेत, गरिबांचे जेवण ज्या भट्ट्यांवर शिजते त्या भटाऱ्यांची दुकाने रविवारी बंद पाडू पाहणाऱ्या धर्मनिष्ठांना टोला आहे. त्यामागे १८३० च्या दशकात सर अँड्र्यू ॲग्न्यू यांनी पार्लमेंटात वारंवार आणलेली रविवारबंदीची विधेयके होती. दुकान बंद करण्याचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न डिकन्सने बरोबर हेरला होता, मात्र तो पाहिला गिऱ्हाइकाच्या बाजूने. काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाची बाजू अजून कोणी मांडायची होती.

ती मांडली गेली कापडदुकानांतून. लंडनच्या कापडदुकानांतील नोकर बहुधा मालकाच्याच छपराखाली राहत, सकाळी लवकर उभे राहत ते रात्री उशिरापर्यंत, आणि शनिवारी तर मध्यरात्रीच्या सुमारास मोकळे होत. कारखान्यांतील कामाचे तास कायद्याने आखले जात होते. १८३३ च्या कारखाना कायद्याने तेथील मुलांना नाताळ आणि गुड फ्रायडे हे दोन पूर्ण दिवस सुट्टीचे दिले होते. दुकान मात्र कायद्याच्या दृष्टीला दिसत नव्हते. १८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘लवकर दुकान बंद’ चळवळीने प्रथम समजावणीचा मार्ग धरला: मालकांनी स्वखुशीने संध्याकाळी लवकर फळ्या लावाव्यात आणि गृहिणींनी उशिरा खरेदीला जाऊ नये. हा मार्ग चाळीस वर्षे चालला आणि पुन्हा पुन्हा फसला. फसण्याचे कारण मालकांचा दुष्टपणा हे नव्हते. एखाद्या रस्त्यावरच्या वीस दुकानदारांपैकी एकोणीस जणांना मनापासून लवकर घरी जायचे असले, तरी विसाव्याने दार उघडे ठेवले की एकोणिसांनाही ते उघडावे लागते, कारण गिऱ्हाईक एकदा तिकडे गेले की परत येईल याची हमी नसते. म्हणजे सर्वांना हवी असलेली गोष्ट प्रत्येकाच्या स्वतंत्र निर्णयातून मिळत नाही. एकाच नियमाने सर्वांना बांधले तरच मिळते. स्वातंत्र्य आणि सक्ती यांचे नेहमीचे नाते येथे उलटे होते, आणि दुकानांच्या सुट्टीविषयी पुढे जे जे लिहिले-बोलले गेले त्याचा पाया हाच युक्तिवाद आहे.

हा युक्तिवाद पार्लमेंटात चिकाटीने लढवला तो सर जॉन लबक यांनी. पेशाने बँकर आणि अभ्यासाने कीटकशास्त्रज्ञ असलेल्या या गृहस्थांनी १८७१ मध्ये बँकांच्या सुट्ट्यांचा कायदा करून घेतला आणि २६ डिसेंबर ही इंग्लंडमध्ये अधिकृत सुट्टी झाली. या दिवसाला तिकडे बॉक्सिंग डे म्हणतात. आपल्याकडील दिवाळीच्या पोस्तासारखी बक्षिशी नोकरचाकरांना आणि टपालवाल्यांना देण्याचा तो दिवस. पुढे लबक यांच्याच प्रयत्नाने १८८६ मध्ये अठरा वर्षांखालील दुकानी नोकरांचे काम आठवड्याला ७४ तासांवर आणले गेले (हा आकडा सवलतीचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे मूळ परिस्थितीची कल्पना येते), तर १९०४ च्या कायद्याने एखाद्या भागातील दोन-तृतीयांश दुकानदारांची संमती असल्यास नगरसंस्थेला सर्वांसाठी बंदची वेळ ठरवण्याचा अधिकार दिला. विसाव्या दुकानदाराचा प्रश्न सोडवण्याचा यापेक्षा नेमका कायदेशीर उपाय शोधून सापडणे कठीण. १९११ मध्ये दुकानी नोकरांना आठवड्यातून अर्ध्या दिवसाची सक्तीची सुट्टी मिळाली. या साऱ्या चर्चेत धर्माचा हात कोठेच नव्हता असे नाही, पण युक्तिवादाचे वजन आता देवाच्या दिवसावर नव्हते, माणसाच्या दमलेल्या पायांवर होते.

तरीही आज ‘परंपरेचा’ म्हणून सांगितला जाणारा शांत, सारे व्यवहार थांबलेला नाताळ यातून लगेच उभा राहिला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये नाताळच्या दिवशी टपाल वाटले जाई, आगगाड्या धावत आणि फुटबॉलचे सामने भरत. हे सारे १९५० आणि १९६० च्या दशकांत हळूहळू थांबले. स्कॉटलंडमध्ये तर प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशपांची सत्ता न मानणाऱ्या धर्मसंस्थेचा प्रभाव इतका खोल होता की, नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये मिळाली आणि त्याआधी हजारो लोक त्या दिवशी नेहमीप्रमाणे कामावर जात. तिथला खरा सण नववर्षाचा. पूर्ण बंद नाताळ हा असा युद्धोत्तर कल्याणकारी राज्याच्या आणि बळकट कामगार संघटनांच्या काळातला आहे, प्राचीन नाही. अर्थात जुनेपणा हेच ज्यांचे एकमेव समर्थन असेल, त्यांचीच यामुळे अडचण होते.

या स्थिरावलेल्या व्यवस्थेला आव्हान आले ते रविवारच्या निमित्ताने. १९५० च्या दुकान कायद्याने रविवारी काय विकावे आणि काय नाही याच्या याद्या घातल्या होत्या आणि त्या यथावकाश हास्यास्पद ठरल्या. दारू विकता येई पण बाळाच्या दुधाची पावडर नाही, अशी उदाहरणे टीकाकारांच्या तोंडी असत. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८६ मध्ये सारी बंधने उठवण्याचे विधेयक आणले. बाजाराच्या बाजूने निर्विवाद बहुमत असलेल्या त्या सरकारचा लोकसभेसमान कनिष्ठ सभागृहात १४ मतांनी पराभव झाला, कारण चर्च, दुकानी कामगारांची संघटना आणि सत्ताधारी पक्षातलेच ७२ सनातनी वळणाचे सदस्य एकाच बाजूला उभे राहिले. देवाचा दिवस आणि कामगाराचा दिवस असे दोन वेगळे युक्तिवाद, एकमेकांशी फारसे न जुळणारे, त्या रात्री एकाच दारातून मतदानाला गेले. १९९४ मध्ये तडजोड झाली: मोठ्या दुकानांना रविवारी सहा तास, लहानांना मोकळीक, आणि नोकराला रविवारचे काम नाकारण्याचा हक्क. मात्र नाताळ रविवारी आला तरच त्या दिवशी मोठी दुकाने बंद ठेवण्याची सक्ती त्या कायद्यात होती. इतर वारी येणाऱ्या नाताळला कायद्याचे कवच नव्हते, केवळ रिवाजाचे होते. रिवाज पुरणार नाही, एखादी मोठी साखळी उघडली की बाकीच्या उघडतील, हे लबक यांच्या काळचेच भय होते. खासदार केव्हन जोन्स यांनी कामगार संघटनेच्या पाठिंब्याने मांडलेल्या खासगी विधेयकातून २००४ चा कायदा त्या भयापोटी जन्मला.

या कायद्याविरुद्धचा सर्वांत सबळ आक्षेप बाजारवाद्यांचा नाही, तर जे नाताळ पाळतच नाहीत त्यांचा आहे. ज्यूंचा विसाव्याचा दिवस शनिवार असल्याने १९३६ च्या कायद्याने शनिवारी बंद राहणाऱ्या ज्यू दुकानदारांना रविवारी दुपारी दोनपर्यंत मुभा दिली होती. म्हणजे बहुसंख्याकांची सुट्टी सर्वांवर लादल्याने अन्याय होतो, हे कायद्याने तेव्हाच कबूल केले होते. २००४ च्या कायद्याने हा पेच क्षेत्रफळाने सोडवला. १९७० च्या दशकापासून ब्रिटनच्या गल्लोगल्ली उभी राहिलेली, बहुतांश गुजराती आणि पंजाबी कुटुंबांनी चालवलेली छोटी दुकाने २८० चौरस मीटरांच्या आतली असल्याने नाताळलाही उघडी राहू शकतात. हा तोडगा व्यवहारात सोयीचा आहे, पण त्याचा एक अर्थ असाही होतो की बहुसंख्य समाज निवांत जेवत असताना संपलेले दूध आणि बॅटऱ्या पुरवण्याचे काम स्थलांतरितांच्या घरातल्या बिनपगारी माणसांकडे आले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये रविवारबंदीचे कायदे, मूळ धार्मिक असले तरी आता सर्वांना एकाच दिवशी विसावा देण्याच्या लौकिक हेतूने टिकतात, असा निर्णय दिला. सनातनी ज्यू व्यापाऱ्यांना आठवड्याचे दोन दिवस दुकान बंद ठेवावे लागेल हे न्यायालयाला दिसत होते. तरी त्याने कायदा राखला. लौकिक हेतूचा हा दावा पूर्ण खोटा नाही, पण सामायिक दिवस निवडताना नेहमी बहुसंख्याकांचाच सण का सापडतो, याचे उत्तर तो देत नाही.

जर्मनीत हाच विचार संविधानात बसलेला आहे. १९१९ च्या वायमार संविधानातील कलम तेथे आजही लागू असून त्यात रविवार व सण हे कामापासून विसाव्याचे आणि आत्मिक उन्नतीचे दिवस म्हणून संरक्षित आहेत. बर्लिन राज्याने नाताळाआधीच्या चारही रविवारी दुकाने उघडण्यास मुभा दिली, तेव्हा दोन्ही प्रमुख चर्च न्यायालयात गेली आणि १ डिसेंबर २००९ रोजी संविधान न्यायालयाने ती मुभा अवैध ठरवली. केवळ दुकानदाराचा नफा आणि गिऱ्हाइकाची रोजची खरेदीची इच्छा एवढे कारण अपवादासाठी पुरेसे नाही, असे न्यायालयाचे मत पडले. समाजाची वेळ एकमेकांशी जुळलेली असणे ही स्वतंत्र संरक्षणाची वस्तू आहे, ही कल्पना त्या निकालात स्पष्ट उतरली आहे.

महाराष्ट्राने नेमका याच्या विरुद्ध रस्ता निवडला आहे, म्हणून त्याचा उल्लेख येथे अप्रस्तुत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती सर्वांना एकाच दिवशी मिळालेली सुट्टी होती. २०१७ च्या राज्य कायद्याने दुकाने वर्षाचे सर्व दिवस उघडी ठेवता येतात. नोकराला आठवड्यातून एक दिवस मिळतो, पण तो पाळीपाळीने. दुकानाची सुट्टी आणि माणसाची सुट्टी अशी वेगळी केली की तासांचा हिशेब बरोबर लागतो. मात्र नवऱ्याला मंगळवार, बायकोला गुरुवार आणि मुलांना रविवार असे वाटप झालेल्या घरात तीन सुट्ट्या असूनही एकत्र जेवण होत नाही. विसाव्याचे माप तासांत घेता येते. सोबतीचे घेता येत नाही, आणि १६४७ च्या मंगळवारांत जे उणे होते ते हेच असावे.

सध्याचा वाद त्यामुळे २५ डिसेंबरहून त्याच्या आजूबाजूच्या दिवसांकडे सरकला आहे. ब्रिटनमध्ये २६ डिसेंबर हा सवलतींच्या विक्रीचा दिवस झाला असून रविवारप्रमाणे त्या दिवशीचे काम नाकारण्याचा हक्क दुकानी नोकरांना नाही. तो दिवस बंद ठेवावा या मागणीवर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या, पार्लमेंटात चर्चाही झाली, पण सरकारने हात घातला नाही. पोलंडने २०२४ च्या कायद्याने २४ डिसेंबर ही सुट्टी केली, आणि त्या बदल्यात नाताळाआधीचे तीन रविवार व्यापाराला खुले करून दिले. दिवस विकत घेऊन दिवस विकण्याचा हा सौदा प्रामाणिक म्हणावा की निर्लज्ज, यावर मतभेद होऊ शकतात. निदान किंमत उघडपणे लिहिलेली आहे.

या सर्व कायद्यांची व्याख्या मात्र दाराशी येऊन थांबते. नाताळच्या संध्याकाळी फोनवरून होणारी खरेदी चौरस मीटरात मोजता येत नाही, आणि ती ज्या गोदामातून उचलली जाते तिथे गिऱ्हाईक पाऊल ठेवत नसल्याने ते दुकानच नव्हे. २००४ च्या कायद्यात एक तरतूद मालाच्या गाडीपर्यंत पोहोचते: काही भागांत नाताळच्या दिवशी सकाळी नऊपूर्वी मोठ्या दुकानापाशी माल चढवायचा-उतरवायचा असेल तर स्थानिक संस्थेची परवानगी लागते. ती घालण्याचे कारण शेजारच्या रहिवाशांची झोपमोड होऊ नये हे आहे, गाडीवाल्याची सुट्टी नव्हे.